अण्णांचा नॉब आणि वहिनींचं लिंबू

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी सांगतो, "शॉकअप करतो." मग पावणा आधी माझ्या हाताकडं बघतो, धुतलेत का नाहीत ते, आणि विषय पंगतीकडं वळवतो. या अंकाच्या संपादकांनी मात्र विषय वळवला नाही. त्यांची गाडी माझ्याकडं असते. मी गाडीखाली उताणा पडून बोलत होतो, ते स्टुलावर बसून ऐकत होते, आणि चहा संपल्यावर म्हणाले, "सलीमभाई, हे असंच लिहून द्या की अंकाला." गाडीखालून बोलणं सोपं असतं हो. समोरच्याचं तोंड दिसत नाही, फक्त चपला दिसतात. कागद घेऊन टेबलाशी बसलो तर आईशपथ घाम फुटला.

उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. धंदा कुणाकडं शिकलो, पहिलं गिऱ्हाईक कोण, हे सगळं मी गाळतो. ते ऐकताना माझी बायकोही झोपते.

आधी शॉकअप म्हणजे काय ते सांगतो, कारण गाडीवाल्यांतल्या बहुतेकांना ते माहीत नसतं. लोकांना वाटतं, खड्डा शॉकअप झेलतो. खड्डा झेलते स्प्रिंग. ती दबते, आणि दबली की तिला नाचायची लहर येते. वर जाईल, खाली येईल, पुन्हा वर जाईल. तिचा हात धरून "पुरे आता, बस खाली" असं सांगणारा तो शॉकअप. बँकेच्या काचेच्या दाराला वरच्या बाजूला तेलाचा दांडा असतो बघा, दार सावकाश लावणारा. तो ढिला झाला की दार फाडदिशी आपटतं, आणि फार आवळला की दार अर्ध्यातच अडकून राहतं. शॉकअपच्या आत असंच तेल बारीक भोकातून इकडचं तिकडं जात असतं. साध्या शॉकअपात भोक कंपनीनं ठरवलेलं. ॲडजस्टेबल शॉकअपात एक नॉब असतो, खालच्या बाजूला, चाकाच्या आत. तो फिरवला की भोक लहानमोठं होतं आणि दर घराला 'टक्' असा आवाज येतो. त्याला आम्ही क्लिक म्हणतो.

गाडी आरामशीर करायची रीत साधी आहे. आधी टायरातली हवा बघायची. निम्मी गिऱ्हाइकं तिथंच बरी होतात, कारण पंपवाल्यानं टायर दगडासारखा फुगवलेला असतो. मग सगळे नॉब एकदम नरम करायचे आणि एकच रस्ता, एकाच वेगानं, पुन्हा पुन्हा फिरायचा. गाडी होडीसारखी डुलते. मग एकेक क्लिक वाढवत जायचं. डुलणं थांबलं की तिथंच हात काढून घ्यायचा.

हा हात काढून घेणंच आमच्या कोल्हापूरला जमत नाही. आमच्या गावाला मधलं काही मान्य नाही. मिसळीवर कट फुल्ल, गाडीचा हॉर्न फुल्ल, वरातीत डॉल्बी फुल्ल. नॉब मधोमध ठेवून गाडी हातात दिली की गिऱ्हाईक माझ्याकडं मी चोर असल्यासारखं बघतं. "सलीमभाई, निम्मी घरं शिल्लक ठेवलीसा व्हय? मग घेतलाय कशाला एवढा भारीतला?" असं म्हणून माझ्यादेखत रस्त्यावर गुडघे टेकून नॉब शेवटपर्यंत पिळतात आणि "आत्ता कसं, नाद खुळा!" म्हणत निघून जातात.

जयसिंगपूरचे एक शेंगदाण्याचे व्यापारी असेच पिळून गेलेले. महिन्याभरात परत आले.

"सलीमभाई, आमच्या आबांची कवळी पडालीया."

"मग दाताच्या डॉक्टरकडं जावा की. मी काय करू?"

"तसं न्हवं ओ. घरात पडत न्हाय. स्पीडब्रेकर आला की पडतीया. परवा थेट मांडीवर."

मी वाकून मागं बघितलं. मागच्या शिटावर त्यांचे वडील, आबा, तोंडावर हात दाबून बसले होते. महिनाभर ते गाडीत असेच बसत होते. एक शब्द बोलत नव्हते. घरच्यांना वाटलं, सुनेवर रागावलेत. सून बिचारी रोज त्यांच्या आवडीची भाजी करून दमली.

मी नॉब मागं आणले. आबांनी तोंडावरचा हात काढला आणि पहिलं वाक्य बोलले, "ह्या खुळ्याला लहानपणापासनं असंच हाय बघ, जे मिळंल ते पिळायचं." आठ दिवसांत खुळ्यानं पुन्हा पिळलं. पुन्हा कवळी, पुन्हा मी. शेवटी मला एक युक्ती सुचली. नॉबच्या आत एक बारीक स्क्रू असतो, तो नॉबला भोक लहानमोठं करणाऱ्या सुईशी जोडतो. गाडी बरोबर लावून झाल्यावर मी तो स्क्रूच काढून ठेवला. आता नॉब फिरायचा, 'टक् टक्' वाजायचा, आणि आत काहीच हलायचं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, "सलीमभाई, आज दोन क्लिक कमी केलं. काय सांगू, लोणी!" मी म्हटलं, "तुमचा हातच तसला हाय ओ."

पुढचा फोन मात्र वेगळा होता. आवाज बारीक करून म्हणाले, "आबा आता जयसिंगपूर ते कोल्हापूर अखंड बोलत्यात. काल सगळं फुल्ल कडक करून बघितलं, तरी थांबंनात. काय तरी करा की."

तर असा हा नुसता वाजणारा नॉब. तो पुढं आणखी एकाच गाडीला लावला. ती गोष्ट सांगायची म्हणूनच मी लिहायला बसलोय.

बिद्रीचे आनंदराव अण्णा माझे जुने गिऱ्हाईक. उभं आयुष्य उसाच्या वजनकाट्यावर काढलेलं, ट्रॅक्टरवाल्यांवर ओरडून आवाज असा झालेला की माझ्या गॅरेजात 'चहा सांग' म्हणाले की समोरचा लेथवालाही चहा सांगायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी नवी गाडी घेतली आणि थेट माझ्याकडं आणून उभी केली.

"सलीम, गाडी गादीवाणी झाली पायजे. भारीतलं शॉकअप टाक. हौसाला शाहूवाडीला न्यायचंय."

हौसावहिनी म्हणजे त्यांची बायको. वहिनींना गाडी लागते. गाडी लागते म्हणजे कशी, तर बिद्रीतनं निघून कोल्हापूरच्या निम्म्या वाटेवर यायच्या आत उलटी. एसटीत बसल्या तर एसटी हलायच्या आधी. पुढच्या शिटावर बसवून बघितलं, तर समोरून येणारा प्रत्येक ट्रक आपल्याच अंगावर येतोय असं वाटून त्या अण्णांचा हात धरायच्या आणि गाडी रस्ता सोडायची. त्यांची एकुलती एक लेक सुमन शाहूवाडीकडं डोंगरातल्या एका गावात दिलेली. लग्न बिद्रीला झालं, बैठकाही बिद्रीला झाल्या. लेकीचं घर वहिनींनी बघितलेलंच नव्हतं. सुमनच यायची. आता तिला दिवस गेलेले, बाळंतपण महिन्यावर आलेलं, आणि डॉक्टरनी तिला पलंगावरून हलायला मनाई केलेली. माहेरी आणता येईना. तिच्या घरात सासू नाही, नणंद नाही, दुसरं बाईमाणूस नाही. आईनं जायलाच हवं होतं.

"ती रोज पोरीला फोनवर सांगतीया, येते, येते," अण्णा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले, "आनि फोन ठेवला की रडत बसतीया."

मी शॉकअप बसवले, फिरवून बघितले, अण्णांना चालवायला दिले. "झकास!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी गॅरेजच्या दारात हॉर्न.

"तुझ्या शॉकअपनं बायको आजारी पाडली माझी! गावाच्या येशीभाईर सुदिक आली न्हाय!"

मी चाकापाशी वाकून बघितलं. नॉब एकदम नरम. "अण्णा, हे कुणी फिरवलं?"

"मी. गादी आनि मऊ झाली तर बरंच की."

म्हटलं, अण्णा, मऊ गाडी डुलते, आणि डुललं की पोटात ढवळतं. त्यांना पटलं. इतकं पटलं की बिद्रीला पोचल्यावर त्यांनी सगळे नॉब फुल्ल कडक केले. आता डुलायचा प्रश्नच मिटला. तिसऱ्या दिवशी वहिनींना उलटी झाली नाही, पण कंबर धरून त्या रस्त्यातच उतरल्या आणि उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून घरी गेल्या. ट्रॉलीत मात्र त्यांना काही झालं नाही.

"अण्णा, वहिनींनाच घेऊन या," मी म्हणालो.

"बायकामानसाचं ग्यारेजात काय काम?"

"मग गाडीत बसणार कोण हाय? मी का तुम्ही?"

त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी काट्याला दगड लावलाय. पण मलाही तेव्हाच उमगलं. इतकी वर्षं मी गाड्या लावतोय, बसणारा मागं आणि पसंत करणारा पुढं. आबांची कवळी पडेपर्यंत मागच्या शिटाला कुणी विचारत नाही. माझी स्वतःची बायको मागं बसून काय म्हणते तेही मी कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणत होती, हे तिनं नंतर मला व्यवस्थित सांगितलं.

अखेर अण्णा वहिनींना घेऊन आले. सुमनचा नवरा फोनवर म्हणाला होता, सुमन घाबरली आहे, आईला आणा नाही तर मी दवाखान्यातच नेऊन ठेवतो. वहिनी कशा आल्या ते विचारू नका. हातात लिंबू, एका पिशवीत ओवा, दुसरी पिशवी रिकामी, कशासाठी ते तुम्हाला कळलं असेल. गॅरेजात तेलाच्या वासानं त्यांनी पदर नाकाला लावला तो काढलाच नाही.

मी त्यांना मागं डाव्या बाजूला बसवलं, अण्णा माझ्या शेजारी. नॉब नरम करून माझ्या नेहमीच्या रस्त्यावर निघालो. त्या रस्त्यावर एक स्पीडब्रेकर आहे, पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेली एक चर आहे आणि पुढं ठिगळंच ठिगळं. देवानं शॉकअपवाल्यासाठीच केलाय.

"वहिनी, कसं वाटतंय?"

"झकास वाटतंय तिला," अण्णा म्हणाले.

फेरी मारून आलो, क्लिक वाढवले, पुन्हा निघालो. "वहिनी, आता?"

"आता तर लई बेस!" अण्णा.

"अण्णा, मी वहिनींना विचारतोय."

"आवं मग मी तेच सांगालोय न्हवं!"

आरशात वहिनी दिसत होत्या. तोंड मिटलेलं, लिंबू नाकाशी. मी गाडी चहाच्या टपरीपाशी थांबवली. "अण्णा, उतरा. चहा घ्या."

"आनि तुमी?"

"आम्ही फिरून येतो."

अण्णांना त्यांच्याच गाडीतून कुणी उतरवलं नसेल आजवर. टपरीवाला सांगत होता, आम्ही येईपर्यंत त्यांनी चहा घेतलाच नाही, रस्त्याकडं बघत उभे होते.

अण्णा उतरले आणि वहिनींनी पदर खाली घेतला. चर ओलांडून गाडी पुढं गेली तशा म्हणाल्या, "सलीमभाऊ, आदळल्यालं मला चालतंय ओ. माझी कंबर काय काचंची न्हाय, फुल्ल कडक केलंवतं म्हनून धरली. पर आदळून झाल्यावर जे हालत ऱ्हातंय न्हवं मागनं, ते सोसत न्हाय. खड्डा मागं गेला तरी पोटातला खड्डा जाईत न्हाय."

मी गाडीच थांबवली. बँकेचं दार, तेलाचा दांडा, एवढं सगळं सांगून मला गिऱ्हाइकाला जे पटवता येत नाही, ते बाई लिंबू हुंगत सांगून मोकळी झाली होती. मग काय, काम सोपं. मी उतरायचो, एक क्लिक वाढवायचो, चर ओलांडायचो. "हाय अजून," वहिनी म्हणायच्या. पुन्हा एक क्लिक. "हाय, पर कमी." मागच्या चाकांना आणखी एक. चर गेली, गाडी एकदा दबली, वर आली आणि जागच्या जागी बसली.

मी वळून बघितलं तर वहिनी खिडकीची काच खाली करून बाहेरचं बघत होत्या. म्हणाल्या, "असंच ऱ्हाऊ द्या. पर ह्यास्नी सांगू नका, न्हाय तर पुन्यांदा पिळतील."

तेव्हा मला जयसिंगपूर आठवलं. मी चारी नॉबांचे स्क्रू काढून खिशात घातले आणि वहिनींना सांगून टाकलं, "घाबरू नका. अण्णांनी कितीबी फिरवलं तरी नुसतं वाजतंय."

"आगा बया!" म्हणाल्या, आणि पदर पुन्हा तोंडाला गेला. या वेळी हसू दाबायला.

दुसऱ्या दिवशी शाहूवाडीला निघालो. मी सोबत यायलाच हवं, असं अण्णांचं फर्मान होतं. वाटेत काही झालं तर ओरडायला कुणीतरी लागतं. अण्णा चालवत होते, मी शेजारी, वहिनी मागं. रत्नागिरी रोडला लागून थोडं पुढं आलो असू, एक खड्डा चुकवता चुकवता अण्णांनी नेमका घेतला.

"थांब, एक क्लिक मारतो," म्हणाले, आणि गाडी बाजूला घेऊन उतरले. धोतर सावरत चारी चाकांपाशी वाकले. टक्. टक्. टक्. टक्. परत येऊन बसले, गाडी सुरू केली. "हौसा, कसं हाय आता?"

आरशात मी आणि वहिनींनी एकमेकांकडं बघितलं.

"लई बरं वाटालंय बघा," वहिनी म्हणाल्या.

बांबवड्याला पुन्हा उतरले. पुढं डोंगराची वळणं लागली तिथं पुन्हा. दर वेळी गुडघ्यांवर माती, दर वेळी तोच प्रश्न आणि वहिनींचं तेच उत्तर. मी बाहेरचा डोंगर बघत बसलो, कारण तिकडं बघितल्याशिवाय हसू आवरत नव्हतं. पण प्रत्येक वळणाला कान मागं होते माझे. शॉकअप लावताना कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं, त्या दिवशी घेतलं. ही बाई मधेच "थांबा" म्हणाली असती, तर मी दुसऱ्या दिवशी गॅरेजचं शटर उघडलं नसतं, खरंच सांगतो.

वहिनी 'थांबा' म्हणाल्याच नाहीत. गाव आलं. सुमन पलंगावरून उठायची नव्हती, तरी भिंतीला धरून दारात येऊन उभी. वहिनी गाडीतून उतरल्या त्या सरळ चालत गेल्या. पोरीनं आईच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की शेजारची माणसं धावत आली, त्यांना वाटलं काही तरी वाईट घडलं.

"रडतीस कशाला गं? आले न्हवं मी?" वहिनी म्हणाल्या. त्यांचेही डोळे वाहत होते. मग हातातलं लिंबू जावयापुढं धरलं. "जावईबापू, हे चिरा. सरबत करा सगळ्यास्नी. ह्याचं काय काम पडलं न्हाय."

मी बऱ्याच गाड्या लावल्यात, पण ते एका लिंबाचं पाणचट सरबत मी दोन पेले प्यायलो.

सुमनला मुलगा झाला. वहिनी बारशापर्यंत तिथंच राहिल्या, आणि तेव्हापासून अण्णांची गाडी बिद्री ते शाहूवाडी अशी एसटीसारखी चालू आहे.

परवा अण्णा सर्व्हिसिंगला आले. स्टुलावर बसले, इकडंतिकडं बघितलं, आणि त्यांच्या मानानं कुजबुजले, म्हणजे लेथवाल्याला ऐकू गेलं नसावं.

"सलीम, त्या नॉबाला आत कायबी जोडल्यालं न्हाय. मला ठावं हाय."

मी पाना खाली ठेवला. "कधी कळलं?"

"पैल्याच दिवशी, बांबवड्याला. आदी घट्ट फिरायचा, त्या दिवशी भिंगरीवाणी फिरला. जलम वजनकाट्यावर गेलाय माझा, हातात वजन न्हाय आलं तर कळत न्हाय व्हय?"

"मग त्यानंतर का फिरवालाय?"

अण्णांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाले, "तिला टक् ऐकू आलं की तिचं पोट थाऱ्यावर येतंय. तूच ऐकलंस न्हवं, लई बरं वाटालंय म्हनली. मग काय हाय, वाकायला काय जातंय? खरं तिला बोलू नगंस. तिचा इस्वास उडंल आनि पुन्यांदा उलट्या."

मी "व्हय अण्णा" म्हणालो आणि गाडीखाली गेलो. कारण त्याच्या पंधरा दिवस आधीच वहिनींचा फोन आला होता, गाडीला काही करू नका म्हणून. "अजून उतरत्यात ओ वाटंत," म्हणाल्या होत्या, "मी सांगत न्हाय. चाळीस वर्सं आमचं मानूस पानी दे म्हनून वरडत आलंय. आता माझ्यासाठनं चार चाकांपाशी वाकतंय. वाकू द्या की, तेवढंच बघत बसते."

आता माझी अडचण बघा. हा अंक अण्णांच्या घरी जातो. वहिनींना चष्मा लावून वाचायचा कंटाळा, म्हणून दिवाळीत फराळ झाला की अण्णाच तो मोठ्यानं वाचून दाखवतात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. तेव्हा अण्णा, तुम्ही आत्ता इथपर्यंत आला असाल, आणि आवाज थोडा खाली गेला असेल. मान वर करून वहिनींकडं बघा. पदर तोंडाला असेल. त्यांना काही विचारू नका आणि माझ्यावर ओरडायचं असेल तर पाडव्यानंतर या. नातवाकडं जाताना वाटेत उतरून चारी चाकांपाशी वाका मात्र. वहिनी काच खाली करून बसलेल्या असतील.